चष्म्याला नको ते दुर्बिणीला हवं

मागच्या मे महिन्यात भर दुपारी एक सर दुकानात आले. निवृत्त शिक्षक, जुनं गिऱ्हाईक. चष्मा काउंटरवर आपटला नाही, पण ठेवला तो आपटल्यासारखाच.

"भाऊ, तुमची ही काच पायी चाललो का काळी होते. अन् गाडीत बसलो का पांढरीच्या पांढरी! ऊन तर तितकंच आहे ना बाप्पा. मंग जास्तीचे पैसे कायचे घेतले तुम्ही?"

नागपूरच्या बर्डीवर चष्म्याचं दुकान चालवताना ही तक्रार उन्हाळ्यात आठवड्याला एकदा तरी येतेच. उन्हात काळी होणारी काच 'ऊन' पाहून काळी होत नाही. तिला कळतात फक्त अतिनील किरणं. गाडीची समोरची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा, आणि तो पडदा अतिनील जवळजवळ सगळंच गिळून टाकतो. डोळ्यांवर उजेड येतो, पण चष्म्याला काळं व्हायला लागणारं खाद्य आत येतच नाही. सरांना मी आमचं टेस्टिंगचं कार्ड दाखवलं. बॅटरीच्या जांभळ्या झोताने कार्डावर डाग उमटतो आणि मध्ये भिंग धरलं की उमटत नाही. सर थोडे निवले. निकाल मात्र राखून ठेवल्यासारखे बसून राहिले.

सोबत नववीतली नात होती. तिला शाळेच्या प्रकल्पासाठी ॲस्ट्रोसॅट या आपल्या खगोल-उपग्रहावर लिहायचं होतं. कार्डाचा खेळ पाहून ती म्हणाली, "काका, मग अतिनील पाहणाऱ्या दुर्बिणीत कोणती काच असते?"

प्रश्न साधा होता, पण मी अडकलो. वीस वर्षं मी अतिनील अडवायचे पैसे घेतोय. ते आत कसं घ्यायचं, हा विचार कधी केलाच नव्हता. दुकानात संध्याकाळी सातपर्यंत कुणी फिरकत नाही असे ते दिवस, त्यामुळे वाचायला वेळ होता. जे समजलं ते तिला सांगितलं, तेच इथे लिहितोय.

आधी अतिनील म्हणजे काय ते पाहू. प्रकाश ही लाट आहे आणि लाटेच्या लांबीवरून रंग ठरतो. ही लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तांबडा साधारण ७००, जांभळा ४००. त्याखाली गेलं की आपला डोळा हात टेकतो, प्रकाश मात्र संपत नाही. हे १८०१ मध्ये जर्मनीत योहान रिटर यांच्या लक्षात आलं. त्यांनी लोलकातून उन्हाचा पट्टा पाडला आणि त्याखाली सिल्व्हर क्लोराइड धरलं. ते उजेडाने काळं पडतं. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथेच ते सगळ्यात झपाट्याने काळं पडलं. गंमत म्हणजे उन्हात काळ्या होणाऱ्या जुन्या फोटोग्रे काचेतही चांदीची अशीच क्षारं असतात. म्हणजे सरांच्या तक्रारीचं मूळ सव्वादोनशे वर्षं जुनं आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण नागपुरात तो घरोघरी आहे. उकाडा म्हणजे अतिनील नव्हे. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा अगदी थोडा, चार-पाच टक्क्यांच्या घरात. अंग भाजतं ते मुख्यतः दृश्य प्रकाशाने, अवरक्त किरणांनी आणि तापलेल्या डांबराने. उलट आमच्या उन्हात काळ्या होणाऱ्या काचा डिसेंबरच्या गार सकाळी जास्त गडद होतात आणि मेअखेरच्या नवतपात कमी. उष्णतेने त्यातले रेणू लवकर मूळपदावर येतात. गिऱ्हाइकाला हे पटवणं महाकठीण काम आहे, आणि मी ते सोडून दिलंय.

आता मुख्य गोष्ट. २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली पायाखाली गडप होते. त्या क्षणी ऊन हवेतून सगळ्यात जवळच्या वाटेने येतं. म्हणजे अतिनील मिळायचं तर यापेक्षा चांगली वेळ नाही. तरीही ३०० नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ काहीच आमच्या शहराच्या मध्यातल्या झिरो माइलच्या खांबापर्यंत पोचत नाही. ते ओझोन खातो. हा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणला तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल, म्हणजे आमच्या मायनस नंबरच्या भिंगाच्या कडेइतका. तेवढ्या भिंगावर सगळी सजीवसृष्टी तग धरून आहे. २०० च्याही खाली गेलात तर ओझोनचीही गरज नाही, साधा ऑक्सिजनच ते काम करतो.

आपल्या कातडीला हे वरदान, खगोलशास्त्रज्ञाला मात्र बंद दार. त्याला हवा असलेला पट्टा साधारण १०० ते ३०० नॅनोमीटरचा, आणि नेमका तोच इथे येत नाही. डोंगरावर वेधशाळा बांधूनही उपयोग नाही. ओझोनचा बराचसा भाग वीस-तीस किलोमीटर उंचीवर आहे, तिथपर्यंत कोणता डोंगर जाणार? म्हणून दुर्बीणच हवेच्या वर न्यायची ही कल्पना अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९४६ मध्ये मांडली, तेव्हा एकही कृत्रिम उपग्रह उडालेला नव्हता. पहिली मोठी अतिनील वेधशाळा, ओएओ-२, डिसेंबर १९६८ मध्ये वर गेली. मग १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं चाललेली आययूई, तिचा आरसा होता फक्त ४५ सेंटिमीटरचा. २००३ मध्ये नासाची गॅलेक्स. आणि २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने उचललेला आपला ॲस्ट्रोसॅट. त्याच्यावर क्ष-किरणांचीही उपकरणं आहेत, पण आपला विषय त्यावरची यूव्हीआयटी, म्हणजे अतिनील दुर्बीण.

उंची ६५० किलोमीटर. समृद्धी महामार्ग नागपुरातून सरळ आभाळात उभा केला, तर इगतपुरी मागे टाकून थोडं पुढे गेलं की हा उपग्रह लागेल. मुंबईच्याही अलीकडेच.

आता नातीचा प्रश्न. दुर्बिणीत कोणती काच? उत्तर ऐकून ती हसली: प्रकाश गोळा करायला काच नाहीच. भिंग लावलं की ते आधी अतिनील गिळणार, मग उरलेलं पुढे देणार. म्हणून सगळं काम आरशांवर. यूव्हीआयटी म्हणजे खरं तर शेजारी शेजारी बसवलेल्या दोन दुर्बिणी, प्रत्येकीचा मुख्य आरसा सुमारे ३८ सेंटिमीटरचा. एक फक्त दूरचं, म्हणजे जांभळ्या रंगापासून लांबचं, अतिनील पाहते, १३० ते १८० नॅनोमीटर. दुसरी प्रकाश विभागून २०० ते ३०० चं जवळचं अतिनील आणि थोडा दृश्य प्रकाश पाहते. वाटेत गाळण्या लागतातच, पण त्या कॅल्शियम फ्लुओराइड, नीलम असल्या मालाच्या. आमच्या होलसेलवाल्याकडे मिळणार नाहीत.

आरसा तरी साधा कसा असेल. त्यावर चकाकी ॲल्युमिनियमची, कारण चांदी इतक्या खाली निकामी ठरते. पण ॲल्युमिनियमचं पातेलं नवं आणलं की चार दिवसांत मंद पडतं ना? हवा लागली की वर ऑक्साइडचा थर बसतो. डोळ्याला तो आरसा लख्खच दिसतो, दूरच्या अतिनीलला मात्र तो थर म्हणजे भिंत. म्हणून ॲल्युमिनियम चढवल्यावर त्यावर लगेच मॅग्नेशियम फ्लुओराइडचा पातळ लेप देतात. हे वाचून मला जरा बरं वाटलं, कारण अँटी-ग्लेअर भिंगांवर हाच पदार्थ वर्षानुवर्षं वापरात आहे. तेवढी आमची सोयरीक.

खरा शत्रू मात्र धूळ नाही, तेल आहे. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यावर बोट फिरवा, जो चिकटा लागतो त्याच्या लाखाव्या हिश्शाइतका थर आरशावर बसला तरी अतिनील खलास. आणि हा चिकटा अवकाशातही सुटत नाही. उपग्रहातलं प्लास्टिक, गोंद, वायरींचं वेष्टण निर्वातात गेल्यावर वाफ सोडत राहतं आणि ती वाफ गार काचेवर जाऊन बसते. म्हणून यूव्हीआयटी बंगळूरजवळ होसकोटेला अतिस्वच्छ प्रयोगशाळेत जोडली. वर गेल्यावरही घाई केली नाही. उपग्रह सप्टेंबरअखेर उडाला, पण दुर्बिणीची झाकणं नोव्हेंबरअखेर उघडली. दोन महिने उपग्रहाला वाफ सोडून मोकळं होऊ दिलं. एवढा खर्च करून वर पाठवलेल्या यंत्राचा डोळा दोन महिने मिटून ठेवायचा, याला छाती लागते. आमच्याकडे लोक चष्मा दोन तासांत मागतात.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. दूरच्या ताऱ्याचं अतिनील म्हणजे धार नाही, थेंब थेंब. प्रकाशाचा एकेक कण, ज्याला फोटॉन म्हणतात, तो मोजावा लागतो. यूव्हीआयटीचे संवेदक कॅनडाच्या अवकाश संस्थेच्या सहभागातून आले. फोटॉन आत येऊन एका लेपावर आपटतो आणि एक इलेक्ट्रॉन सुटतो. हा लेप असा निवडलाय की दृश्य प्रकाश पडला तरी तो ढिम्म राहतो. नाहीतर ताऱ्याच्या साध्या उजेडाच्या गोंगाटात अतिनीलची कुजबुज ऐकूच आली नसती. सुटलेला इलेक्ट्रॉन मग केसाहून बारीक नळ्यांच्या चाळणीत शिरतो. तिथे मोठा विद्युतदाब असतो. भिंतीवर आपटून एकाचे दोन, दोनाचे अनेक, असं करत पलीकडे इलेक्ट्रॉनांचा लोंढाच बाहेर पडतो आणि पडद्यावर प्रकाशाचा ठिपका उमटतो. कॅमेरा या पडद्याची सेकंदाला सुमारे २९ चित्रं घेतो आणि प्रत्येक ठिपक्याचा मध्य काढून नोंदवतो. फोटो काढण्यापेक्षा हे काम नाक्यावर बसून एकेक गाडी वहीत टिपण्यासारखं.

अशा नाजूक डोळ्यावर चुकून झगमगता तारा आला तर तो पोळू शकतो. म्हणून ज्या दिशेला बघायचं तिथे भडक तारे किती, ते आधी तपासतात. तरी काही गडबड झालीच तर घरातला एमसीबी पडतो तसा विद्युतदाब आपोआप उतरतो. आणि काम चालतं ते मुख्यतः उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असताना. दीड तासाहून थोड्या जास्त वेळात एक फेरी होते, त्यातली रात्र तेवढी कामाची.

शिवाय उपग्रह स्थिर नसतो, सतत किंचित झुलत असतो. स्कूटरच्या मागच्या सीटवरून वरातीचा फोटो काढा, सगळ्या दिव्यांच्या रेघा येतील. त्याऐवजी पटापट शेकडो फोटो काढले आणि एखादा ठळक दिवा जुळवून ते एकमेकांवर ठेवले, तर चित्र स्वच्छ येईल. यूव्हीआयटी तेच करते. दृश्य प्रकाशातल्या ठळक ताऱ्यांवरून झोका किती बसला ते काढतात आणि प्रत्येक अतिनील ठिपका तितका मागे सरकवतात.

याचं फळ म्हणजे तिची नजर. आमच्याकडे तक्त्यावर शेवटची ओळ वाचली की आम्ही 'सिक्स बाय सिक्स' लिहितो. तो डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखतो. यूव्हीआयटी त्याहून सुमारे चाळीसपट बारीक पाहते. झिरो माइलपासून दीक्षाभूमी सरळ रेषेत अडीच-तीन किलोमीटर. तिथे कुणी रुपयाचं नाणं धरलं, तर नाण्याच्या दोन कडांवरचे दोन ठिपके इथून वेगळे दिसावेत, इतकी. गॅलेक्सचा आरसा मोठा होता, ५० सेंटिमीटरचा, पण तिची नजर साधारण तिपटीने धूसर होती. मात्र ती एका नजरेत आभाळाचा सव्वा अंशाचा तुकडा पाहायची, यूव्हीआयटी पौर्णिमेच्या चंद्राएवढाच पाहते. एकीचं काम आभाळ पिंजून काढण्याचं, दुसरीचं टिपून बघण्याचं. यात श्रेष्ठ-कनिष्ठ लावण्यात अर्थ नाही.

एवढा आटापिटा करून दिसतं काय?

लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढरं. तापमान वाढेल तसा रंग आखूड लाटांकडे सरकतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सियस, त्याचा जोर दृश्य प्रकाशात. दहा हजारांच्या पुढचा तारा घेतला की जोर अतिनीलमध्ये जातो. असे धगधगते तारे बहुधा अवाढव्य असतात आणि उधळेही. सूर्याचं आयुष्य हजार कोटी वर्षांच्या घरातलं, यांचं अवघ्या वीस-तीस लाख ते काही कोटी वर्षांचं. म्हणजे असा तारा दिसला की समजायचं, इथे नुकताच पाळणा हललाय. दृश्य प्रकाशातलं दीर्घिकेचं, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहाचं, चित्र म्हणजे सगळ्या वस्तीची मतदारयादी. अतिनील चित्र म्हणजे त्या वस्तीत बारशाचे मांडव कुठे कुठे पडलेत ते. देवयानी दीर्घिकेचा तेजस्वी मध्यभाग अतिनीलमध्ये फिका पडतो आणि बाहेरची कडी उजळून निघतात. एम८३ नावाच्या दीर्घिकेत तर गॅलेक्सला नेहमीच्या कडेच्या कितीतरी पलीकडे, जिथे ओसाड माळ समजला जायचा तिथे, कोवळ्या ताऱ्यांचे झुबके सापडले.

मीराची गोष्ट मात्र वेगळी. मीरा म्हणजे आपली संत मीरा नव्हे, लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'अद्भुत'. तिमिंगल तारकासमूहातला हा तारा कधी नुसत्या डोळ्यांना दिसतो, कधी गायब होतो, आणि १५९६ पासून खगोलशास्त्रज्ञ त्यावर डोळा ठेवून आहेत. चारशे वर्षं सगळ्यांनी पाहिला, पण त्याला शेपूट आहे हे कुणाला दिसलं नाही. गॅलेक्सच्या दूर-अतिनील चित्रात दिसलं आणि २००७ मध्ये जाहीर झालं. थोडंथोडकं नव्हे, १३ प्रकाशवर्षं लांब. म्हातारा तारा वायू सांडत सेकंदाला १३० किलोमीटर वेगाने चाललाय आणि गेल्या ३० हजार वर्षांत सांडलेलं मागे पसरलंय. टँकरमधून पाणी गळत जावं आणि रस्ताभर ओली रेघ उमटावी तसं. ती रेघ दुसऱ्या कोणत्या रंगात जवळजवळ दिसतच नाही.

यूव्हीआयटीने पहिल्यांदा डोळा उघडला तो एनजीसी १८८ या तारकागुच्छावर. नागपुरातून ध्रुवतारा उत्तरेला २१ अंश उंचीवर दिसतो, त्याच्या जवळपासच हा गुच्छ. सगळे तारे म्हातारे, तरी त्यात काही निळे, तरणेताठे दिसतात. हे कसं? २०१६ मध्ये यूव्हीआयटीच्या चित्रांतून अशा एका ताऱ्याशेजारी दडलेला तापलेला जोडीदार सापडला. निळ्याने त्याचा वायू ओढून घेऊन तारुण्य कमावलं होतं आणि उघडा पडलेला गरम गाभा मागे उरला होता. दृश्य प्रकाशात तो निळ्याच्या झगमगाटात बुडून जातो, अतिनीलमध्ये लपत नाही.

सगळ्यात गाजलेलं काम २०२० चं, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एका छोट्या तुकड्याकडे दुर्बीण एकूण २८ तास लावून धरली होती. त्यात एयूडीएफएस०१ ही दीर्घिका सापडली. तिचा प्रकाश ९३० कोटी वर्षं प्रवास करून आलेला. त्या प्रकाशाची मूळ लांबी ६० नॅनोमीटरच्या आसपास. इतका तिखट प्रकाश हायड्रोजनच्या अणूची मोडतोड करतो, आणि म्हणूनच दीर्घिकेतला हायड्रोजन त्याला सहसा बाहेर पडू देत नाही. इथे तो निसटला होता. वाटेत विश्व फुगत गेलं, तशी ती लाटही ताणली गेली आणि आपल्यापर्यंत येताना यूव्हीआयटीच्या १३० ते १८० च्या खिडकीत बसली. विश्वाच्या बालपणी सगळीकडे हायड्रोजनचं धुकं होतं, ते कशाने फिटलं हा मोठा प्रश्न आहे. असा निसटता प्रकाश हे त्याचं एक संभाव्य उत्तर, म्हणून त्या एका पुसट ठिपक्याचं एवढं कौतुक. हाच तुकडा हबल या अवकाश दुर्बिणीनेही पाहिला होता, पण यूव्हीआयटीच्या संवेदकात स्वतःची खरखर फार कमी असल्याने हा बारीक आवाज तिला ऐकू आला.

नातीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "आता चालू आहे का पूर्ण?" पूर्ण नाही. जवळच्या अतिनीलचा संवेदक २०१८ मध्ये बंद पडला. हबलला अंतराळवीर जाऊन दुरुस्त करून आले, ॲस्ट्रोसॅटकडे कुणी जाणार नाही, त्याची तशी बांधणीच नाही. पाच वर्षांच्या बोलीवर पाठवलेल्या या उपग्रहाने २०२५ मध्ये दहा वर्षं पूर्ण केली, तीही एक डोळा अर्धा मिटून.

"मग काच कोणती घेऊ?" सरांचा मूळ प्रश्न तसाच होता. गाडीसाठी वेगळा गॉगल घ्या म्हणालो. "म्हणजे अजून पैसे," म्हणाले, पण घेतला.

नातीला मात्र उपग्रह डोळ्याने बघायचा होता. विषुववृत्तापासून सहा अंशांच्या पलीकडे तो कधी जातच नाही, त्यामुळे नागपूरच्या डोक्यावर येण्याचा प्रश्नच नाही. हिशेब मांडला तर अगदी जवळ आला तरी दक्षिण क्षितिजावर बारा-तेरा अंशांच्या वर चढत नाही. हात लांब करून मूठ धरली की मूठभर उंची दहा अंश, त्याहून बोटभर वर. सरांच्या गच्चीवरून त्या दिशेला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी येते. टाकीच्या डाव्या बाजूने बघ, म्हणालो, तिकडे जरा मोकळं आहे.